काकाजी, आपली पायपेटी वाजते आहे

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

आमची जुनी पायपेटी दुरुस्त करून दिलीत म्हणून आमच्या गावच्या नाटक मंडळाने तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, तर तुम्ही हात जोडलेत. "गाडीभाडं तेवढं द्या, बाकी काही नोको," एवढं बोलून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर गाठायला ब्रह्मपुरी स्टेशनावर निघून गेलात. आभाराचे दोन शब्द बोलायचे राहून गेले. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे. ज्याच्या हाती पडेल त्याने तुम्हाला वाचून दाखवावं, कारण चष्मा शोधायचा तुम्हाला कंटाळा.

यंदा मंडळाची चार नाटकं उभी राहत आहेत. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला दंडार, म्हणजे आपली नाचगाण्याची लोककला, ती वेगळी; पण त्याच रात्री लहान पोरांचं अर्ध्या तासाचं नाटक. धान घरी आलं की मार्गशीर्षात सामाजिक नाटक. ते गावातल्याच एकाने लिहिलं आहे, विकलेल्या धानाच्या चुकाऱ्याची वाट बघणाऱ्या घराचं. होळीच्या आधी आणखी एक हलकंफुलकं. आणि मध्ये, शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या रात्री, संगीत सौभद्र. हे चौथं नाव आम्ही यादीत लिहू शकलो ते केवळ तुमच्यामुळे.

पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत नाटक कमी नाही, हे मी तुम्हाला काय सांगू. वडसा इथून जवळच. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या नाटक कंपन्यांना एक रात्र मोकळी नसते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नाट्यकलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या पानठेल्यावर पेढे वाटले गेले. कंपन्यांबद्दल मला आदरच आहे. पण आमच्या वडिलांच्या पिढीत गावातलीच माणसं नाटक करायची. दिवसा धानाच्या बांधीत राबायची आणि रात्री तोंडाला रंग लावायची. हळूहळू गाव फक्त तिकीट काढणारं झालं. मला ते लागत होतं. म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही हे हौशी मंडळ पुन्हा सुरू केलं. यात कोणी पैसे घेत नाही. पडदे शिवणारा नाही आणि भाषण पाठ करणाराही नाही.

संगीत नाटकाला मात्र आम्ही हात लावत नव्हतो. गेल्या साली एका सामाजिक नाटकात दोन पदं घातली आणि ती पेन ड्राइव्हवरच्या ट्रॅकवर गायची ठरवली. दुसऱ्या पदाला नायिकेचा प्रवेश थोडा उशिरा झाला. ट्रॅक पुढे निघून गेला. तिने मधूनच सूर पकडायचा प्रयत्न केला, तो पकडता आला नाही, आणि ती शामियान्यातल्या सगळ्या गावासमोर तशीच उभी राहिली. मी विंगेत प्रॉम्प्टिंगची वही धरून होतो. शब्द मी देऊ शकत होतो, सूर कुठून देणार? त्या रात्रीनंतर ती चार महिने तालमीला आली नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही समाजमंदिरात त्या जुन्या पायपेटीसमोर उकिडवे बसला होतात. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं होतं, अर्ध्या पट्ट्या दाबल्या तरी मुक्या होत्या. आमच्या आजोबांच्या काळात घरोघरचं धान गोळा करून ती पेटी घेतली होती, पण आता तिच्यावर खुर्च्या रचल्या जायच्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ट्रॅक कोणासाठी थांबत नाही, बाप्पा. पेटीवाला थांबते."

त्या एका वाक्यावर आमची यंदाची सगळी आखणी बदलली.

तुम्ही दोन दिवसांसाठी आला होतात आणि सतरा दिवस राहिलात. भात्याला नवीन कातडं लावलंत. मग सूर देणारं एकेक रीड आकड्याने ओढून बाहेर काढलंत, फुंकर मारून त्यातली माती उडवलीत, पितळी जिभेखाली ब्लेडचं पातं सरकवलंत आणि बारीक कानस दोनदाच फिरवलीत. पुन्हा बसवून हातपेटीच्या सुराशी लावून पाहायचं, पुन्हा काढायचं. "टोकाकडे घासलं का सूर चढते, बुडाशी घासलं का उतरते. जास्त घासलं तर मात्र गेला तो," असं तुम्ही आमच्या मुलीला समजावलंत, आणि तिसऱ्या दिवशी कानस तिच्या हातात दिलीत. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. दहावीतली पोर. तिने एक रीड सुरात आणलं आणि तुम्ही फक्त "हं" म्हणालात. ते "हं" ती अजून घरोघरी सांगत फिरते.

तोवर तिला येत होतं ते गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला वाजवायचं तेवढंच. नाटकाची साथ वेगळी, हे तुम्ही तिला बसवून शिकवलंत. आमचा अर्जुन राइस मिलमध्ये कामाला आहे, त्याचा गळा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारा. सुभद्रा म्हणजे आमची अंगणवाडी सेविका. गेल्या साली जी तशीच उभी राहिली होती, तीच. तिला काळी तीन लागते. त्याचं पद संपून तिचं सुरू व्हायचं तर सूर बदलायचा कसा, यावर आम्ही अडून बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "त्याचा मध्यम तोच हिचा सा. त्याचं पद मध्यमावर आणून सोड, ही तिथूनच उचलेल." आणि खरंच तिने उचललं. तालमीला बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुभद्रेचं दुःख त्यात होतंच, पण आपल्यातली एक बाई पुन्हा गायली, याचा आनंद जास्त होता.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक १८८२ मध्ये रंगभूमीवर आणलं. सगळी पदं आम्हाला झेपणार नाहीत. तुम्ही बसून जी निवडून दिलीत तेवढीच ठेवली आहेत, आणि कमी केल्याची रुखरुख मला आहे. पण उरलेली प्रत्येक ओळ पेटीवर गायली जाईल. एखाद्याचं भाषण अडलं तर पेटी तेवढ्यात एक आवर्तन फिरवून घेईल. वन्स मोर आला तर पुन्हा घेता येईल. वहीवाल्याला याहून मोठा आधार कुठला?

पटाची रात्र मुद्दाम निवडली. २०१४ ची बैलांच्या शर्यतींवरची बंदी आली तेव्हा आमच्या गावचा पट थांबला आणि त्या रात्रीचं नाटकही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा पट परत आला. नाटक परतायला एवढी वर्षं लागली. पाहुणे घरी असतील, अंगणात बैलजोड्या असतील, आणि दहाला पहिली घंटा होईल.

तालमी सध्या रात्री नऊलाच संपवतो. जंगलाकडच्या टोलीच्या वस्तीत पुन्हा वाघ दिसला आहे, त्यामुळे त्या बाजूची पोरं घोळक्याने, टॉर्च घेऊन जातात. पण एकही खाडा नाही. अंगणवाडीची बाई सगळ्यांच्या आधी येऊन पेटीवरची चादर काढते, रोज.

पटाच्या आदल्या दिवशी स्टेशनावर मोटारसायकल घेऊन पोरगा उभा राहील. तुमची खुर्ची पेटीच्या डाव्या हाताला, मुलीला दिसेल अशी ठेवली आहे. तुम्ही वाजवायचं नाही, फक्त बसायचं, असं तिनेच सांगायला सांगितलं आहे. काकूंनाही घेऊन या, आमच्याकडे जागा आहे.

आणि काकाजी, काळी तीनचं वरचं रीड थोडं उतरल्यासारखं वाटतं. मुलगी म्हणते, मी हात लावणार नाही, आधी काकाजींना ऐकू दे. तेवढी बारीक कानस सोबत असू द्या.

आपला,
मंडळाचा प्रॉम्प्टर