‘सिंहासन’ पाहिला, आता वाचावाही

राजकारण तापले की समाजमाध्यमांवर ‘सिंहासन’मधली दृश्ये फिरू लागतात. जब्बार पटेल यांचा हा १९७९ चा चित्रपट थोर आहे, यात वादच नाही. पण तो अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे, हे आमच्या ठाण्यातल्या कितीतरी तरुणांना ठाऊकच नसते, याचे वाईट वाटते.

दोन कादंबऱ्यांचा ऐवज एका चित्रपटात बसवणे सोपे नव्हते. विजय तेंडुलकरांच्या पटकथेने सत्तेच्या डावपेचांना नेमकी धार दिली. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. श्रीराम लागूंचा अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे समोरासमोर आले की आजही श्वास रोखला जातो. निळू फुले यांचा पत्रकार दिगू शेवटी ज्या तऱ्हेने हसत सुटतो, ते तर पडद्यालाच साधावे.

तरीही माझे मन कादंबरीकडेच अधिक ओढ घेते. साधू स्वतः पत्रकार. निर्णय घेण्याआधी माणसाच्या मनात काय उलथापालथ होते, हे ते पानेच्या पाने उलगडतात. कॅमेऱ्याला तेवढी सवड नसते. ‘मुंबई दिनांक’मध्ये तर अख्खे शहरच श्वास घेते.

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला १८९३ पासूनची परंपरा आहे. तेथे या कादंबऱ्यांतील उताऱ्यांचे वाचन आणि लगेच चित्रपट, असा कार्यक्रम जरूर व्हावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे