रेडिएटर गार असेल तर आधी पाणी फिरतंय का ते बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि तुमचा पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचतो. परदेशी शिक्षणाबद्दल व्हिसा, फी, पार्टटाइम नोकरी असं सगळं वाचायला मिळतं, पण इथल्या थंडीत घर गरम कसं होतं यावर माझ्या तरी काही वाचनात आलेलं नाही. सप्टेंबरात पुण्या-नाशिकहून मुलं येतात, नोव्हेंबर उजाडला की कुडकुडायला लागतात, थर्मोस्टॅट ३० वर नेऊन ठेवतात आणि मग गॅसचं बिल आलं की घाबरून हीटिंग पार बंद करून जॅकेट घालूनच झोपतात. दोन्ही चूक आहे. थर्मोस्टॅट बहुतेक घरांत खोलीच्या तापमानाप्रमाणे बॉयलर नुसता चालू-बंद करणारा स्विच असतो, ३० लावलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त बॉयलर थांबायचं नाव घेत नाही.

इथे बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो, तो पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीला लावलेल्या धातूच्या पोकळ पॅनलमध्ये जातं, तिथे उष्णता सोडतं आणि गार होऊन परत बॉयलरकडे येतं. हे तेच तेच पाणी फिरत असतं, नळाच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे हीटिंग लावलं की पाण्याचं बिल वाढेल ही भीती काढून टाका.

आता हे पाणी फिरवतं कोण, तर एक छोटा पंप, सर्क्युलेटर म्हणतात त्याला. आपल्याकडे गच्चीवरच्या साध्या सोलरला पंप लागत नाही, कारण टाकी पॅनलच्या वर असते आणि गरम पाणी हलकं म्हणून आपोआप टाकीत चढतं. युरोपातल्या जुन्या घरांतही आधी असंच चालायचं, म्हणून तिथले पाइप मनगटाएवढे जाड असायचे. मग १९२८ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडच्या ओप्लेंडर यांच्या कारखान्यात पाइपच्या वळणात बसणारा पंप तयार झाला, आणि पुढे पंप सर्रास झाल्यावर बोटाएवढ्या पाइपांतून सगळं घर तापायला लागलं. वीज किती खात असेल असं वाटतं, पण फारशी नाही. हा बंद लूप आहे, जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसरीकडून खाली येतं, त्यामुळे पंपाला टाकी भरायच्या पंपासारखं पाणी उचलावं लागत नाही, फक्त पाइपांतल्या घर्षणावर मात करायची असते. जुने पंप ६० ते १०० वॅट घ्यायचे, नवे तर बऱ्याचदा ४० च्याही आत भागवतात. आणि पाणी तरी किती लागतं? जाताना-येताना २० डिग्रीचा फरक धरला तर १० किलोवॅट उष्णता पोचवायला मिनिटाला साधारण ७ लिटर, बस्स.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की खोली गार असेल तर बॉयलरचं तापमान वाढवत बसू नका, आधी रेडिएटरला हात लावून बघा. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करा, गार होऊ द्या, खाली फडकं धरा आणि छोट्या चावीने वरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा, सुस्स करून हवा जाईल, पाणी आलं की लगेच घट्ट. नंतर बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा बघा, गार असताना १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. खाली मधोमध गार असेल तर तळाशी काळा गाळ बसलाय, ते काम माणूस बोलावूनच करायचं.

आणि एखादी लांबची खोली कायमच गार राहते त्याचं काय? परवाच एका ओळखीच्या विद्यार्थ्यांच्या घरी बघितलं, हॉलमधल्या रेडिएटरचे दोन्ही पाइप हाताला चटका देत होते आणि मागच्या बेडरूमचा जेमतेम कोमट. पाणी सोपा रस्ता धरतं, बॉयलरजवळचा रेडिएटर सगळं पळवतो. हॉलच्या रेडिएटरला दुसऱ्या टोकाला साध्या प्लास्टिकच्या टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, तो पान्याने थोडा थोडा आवळत गेलो, तासाभरात मागची खोली तापली. बॉयलरला हातही लावला नाही. घरमालकाने त्यांना सांगितलं होतं, एक इलेक्ट्रिक हीटर घ्या! इथे विजेचं युनिट गॅसपेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि ते भरणार ही पोरं.

इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर सहसा कंडेन्सिंगच लागतो. धुरातल्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तीही तो वापरतो, पण परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली असेल तरच हे नीट होतं. पुष्कळ बॉयलर मात्र ७५-८० वर लावून ठेवलेले असतात. कॉम्बी बॉयलर, म्हणजे नळाचं गरम पाणीही टाकीशिवाय लागेल तेव्हाच तापवून देणारा, असेल तर रेडिएटरचं चित्र असलेलं बटण ६० च्या आसपास आणा, खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल म्हणून हीटिंग अर्धा तास आधी लावा. घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र हे परस्पर करू नका, टाकीतलं पाणी ६० डिग्रीला राहायलाच हवं, नाहीतर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. आई-वडील हिवाळ्यात राहायला येणार असतील किंवा तान्हं बाळ असेल तर बिलासाठी खोली १८ च्या खाली जाऊ देऊ नका.

बॉयलरचं कव्हर कुणीही स्वतः उघडायचं नाही, ते काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत, नाव असलेल्या माणसाचंच. भाड्याच्या घरात दर वर्षी गॅसची तपासणी करून घेणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा कागद मुलांनी मागून घ्यावा, आणि बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का तेही बघावं. नसेल तर मालकाला लेखी कळवा.

पत्र ऑक्टोबरच्या आत छापलंत तर यंदा आलेल्या मुलांना उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, लेस्टर