कूस बदला, काका

सिस्टर,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी हे मराठीतच लिहितेय. इंग्रजीत आभार मानायला गेले की ‘थँक यू सो मच’च्या पुढे माझी गाडी सरकत नाही.

बाबांना लघवीच्या पिशवीचा कॅन्सर. एस.टी.त 31 वर्षं ड्रायव्हर, खिशात कायम बिडीबंडल. निवृत्तीनंतर आमच्याकडे न्यू जर्सीला आले आणि वर्षभरात लघवीतून रक्त. आधी बीसीजी झाली. आपल्याकडे बाळाच्या दंडावर टोचतात तीच, इथे नळीने पिशवीत सोडतात. तरी आजार परतला. तेव्हाच्या डॉक्टरांनी संगणकावरची नजर न काढता सांगितलं, “पिशवी काढावी लागेल, बाहेर तारीख घ्या.” बाबा माझ्या तोंडाकडे बघत बसले, कारण ते वाक्य त्यांना मराठीत मीच सांगायचं होतं. दुसरा काही इलाज? उत्तर नाही. आणि इलाज होता हो! डिसेंबर 2022 मध्येच अमेरिकेत मान्यता मिळालेलं ॲडस्टिलॅड्रिन. ते आम्हाला आमचं शोधावं लागलं. तो राग अजून माझ्या घशात आहे.

शोधलं खरं, पण बाबांना समजवायचं कसं? या औषधात सर्दी आणणाऱ्या ॲडेनोव्हायरसला प्रयोगशाळेत असा बदललाय की तो शरीरात वाढत नाही. इंटरफेरॉन, म्हणजे कॅन्सरशी लढणारं प्रथिन, बनवणारं जनुक तेवढं पिशवीच्या अस्तरातल्या पेशींना देतो, मग त्या पेशी स्वतःच औषध तयार करू लागतात. मी बोलत होते आणि बाबांनी त्यातला एकच शब्द ऐकला, व्हायरस. 2021 मध्ये त्यांचा धाकटा भाऊ कोविडने गेला. “तोच रोग परत अंगात घालून घ्यायचा?” म्हणाले.

अशा माणसाला मी तुमच्याकडे आणलं. नळी घालायची, तीही परक्या बाईने, या लाजेनेच ते अर्धे झाले होते. तुम्ही पडदा ओढलात, चादर हवी तेवढीच सरकवलीत. 75 मिलिलिटर औषध आत गेलं. ते तासभर धरून ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी अंग वळवायचं, डावीकडे, उजवीकडे, उताणं, पालथं, म्हणजे ते सगळीकडे लागतं. मला वाटलं, आता घड्याळ लावून तुम्ही जाल.

तुम्ही मला विचारलंत, “तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?” मी सांगितलं. तुम्ही चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर पेनाने उच्चार लिहून घेतलात आणि तो पलंगाच्या कठड्याला लावलात. पंधरा मिनिटं झाली. तुम्ही वाकून, पट्टीकडे बघत म्हणालात, “कूस बदला, काका.” ‘ळ’ नाही त्यात, पण ‘द’ तुमचा ‘ड’च झाला. बाबांनी डोळे उघडले. आजाराचं कळल्यापासून दवाखान्यात त्यांच्याशी थेट कोणी बोललंच नव्हतं, सगळे माझ्याशी बोलायचे, त्यांच्याबद्दल. ते निमूट वळले. तिसऱ्या वेळी तर तुम्ही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, “बदलू का?” आणि तुम्हाला ते कळलं!

औषधाचा मोठेपणा मला मान्यच आहे. चाचणीतल्या 98 रुग्णांपैकी 51 टक्क्यांचा कॅन्सर दिसेनासा झाला, आणि त्यातल्या 46 टक्क्यांचा वर्षभर तरी परतला नाही. बाबांची तीन महिन्यांनंतरची दुर्बिणीची तपासणी स्वच्छ आली. पुढचं पुढे बघू. पण निम्म्यांना गुण येत नाही हे माहीत असताना त्या पलंगावर तासभर पडून राहायला जे लागतं, ते कुपीत भरून येत नाही. ते माणसानेच द्यावं लागतं, आणि द्यायला तसा वेळ किती लागतो? तुमचा एक शब्द शिकण्यापुरता गेला.

घरी आल्यावर दोन दिवस प्रत्येक लघवीनंतर कमोडमध्ये ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं असतं. बाबा गाडीच्या वेळा लिहाव्यात तशा त्या वेळा डायरीत लिहितात. त्याच डायरीच्या पुठ्ठ्याला आतून तुमची पट्टी चिकटवलेली आहे. निघताना त्यांनी ती कठड्यावरून हळूच सोडवून घेतली होती, तुम्ही तेव्हा हातमोजे काढत होतात.

पुढचा डोस सोळा तारखेला. आई बेसनाचे लाडू देणार आहे, नाही म्हणू नका. हे पत्र मी तिथेच तुम्हाला इंग्रजी करत वाचून दाखवीन, तासभर आहेच आपल्याकडे.

तुमच्या काकांची मुलगी