सुधाकर, ते ड्रम परत बोलव

कोथरूड, पुणे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू एकदम विचारलंस, "सांगू का गप्प बसू?" घरात पाहुणे होते, मोकळेपणी बोलता आलं नाही. उत्तर एवढंच, की सांग, आणि आजच सांग.

तुझ्या फाउंड्रीत रात्रपाळीच्या दोन हीटमध्ये, म्हणजे भट्टीत वितळवलेल्या लोखंडाच्या दोन घाण्यांमध्ये, तांबं टाकायचं राहिलं, हार्डनेस कमी आला आणि हे कळेपर्यंत ब्रेक ड्रम मशिनिंग होऊन चाकणला कस्टमरकडे पोचलेसुद्धा. तुझा क्वालिटीवाला म्हणतो, निम्मे तरी स्पेसिफिकेशनच्या खालच्या टोकाला बसतील. बसतीलही. पण परलाइट (लोखंडातला कडक भाग) कमी आणि फेराइट (मऊ भाग) जास्त असलेला मऊ ड्रम लवकर झिजतो, हे तुला मी सांगायला नको. भरलेला टेम्पो घाट उतरत असताना तो ड्रम कुठल्या टोकाला बसला होता, हे कोण विचारणार आहे? प्रत्येक ड्रमवर हीट कोड आहे, त्यामुळे माल शोधता येणार नाही ही सबबही तुला नाही.

माझी सगळी नोकरी पर्चेसमध्ये गेली, म्हणून टेबलाच्या पलीकडचं सांगतो. दोष आमच्या लाइनवर सापडला की सप्लायरच्या खर्चाने सॉर्टिंग, डेबिट नोट (म्हणजे त्याच्या बिलातून पैसे कापणं), लाइन थांबल्याचा दंड, आणि पुढचे कित्येक महिने त्याच्या प्रत्येक गाडीकडे संशयाने बघणं. सप्लायरने आपणहून फोन केला तर? डेबिट नोट तेव्हाही निघायची, खोटं कशाला सांगू. पण नवीन पार्टचं कोटेशन मागवायची वेळ आली की त्याचं नाव कोणी खोडत नसे.

टायलेनॉल या अमेरिकेतल्या वेदनाशामक औषधाचं प्रकरण तुला माहीत असेल. मॅनेजमेंटच्या कोर्सात ते इतकं उगाळलंय की ऐकूनच जांभई येते. 1982 मध्ये शिकागोच्या आसपास सात माणसं गेली, कारण दुकानात ठेवलेल्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरलं होतं. कारखान्यात चूक झालेली नव्हती. देशभरचा माल मागे घेऊ नका, असं एफबीआयचंही मत होतं. तरी ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च 10 कोटी डॉलरच्या वर गेला. इथपर्यंत सगळे सांगतात. मला पुढचा भाग जास्त मोठा वाटतो. तिहेरी सील लावून त्यांनी कॅप्सूल पुन्हा बाजारात आणल्या, धंदा सावरला, आणि 1986 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याच पद्धतीने आणखी एक बाई दगावली. म्हणजे ज्या सीलसाठी एवढं कौतुक झालं, ते पुरं पडलं नाही. तेव्हा त्यांनी प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या आपल्या कॅप्सूल विकणंच बंद केलं. पहिल्या वेळी निदान जगाची सहानुभूती होती. दुसऱ्या वेळी स्वतःचाच निर्णय अपुरा ठरवून मोडायचा होता.

चूक कोणाची आणि निस्तरायचं कोणी, हे प्रश्न त्यांनी एकमेकांत गुंतू दिले नाहीत. तू मात्र गुंतवतोयस. रात्रपाळीच्या सुपरवायझरला काढतो म्हणालास, ते मला अजिबात आवडलं नाही. तांबं त्याच्या हातून राहिलं, कबूल. पण रात्री स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर) माणूस ठेवायचा नाही, सँपल सकाळी लावायचं, हे कोणी ठरवलं? पगार वाचतो म्हणून तूच ना? मग कस्टमरच्या मेलमध्ये "ऑपरेटरची चूक" असं लिहू नकोस. समोर माझ्यासारखाच कोणीतरी बसलेला असेल. तो पहिला प्रश्न हाच विचारेल की तपासल्याशिवाय मेटल ओतलंच कसं.

पैशाचं कोडं अवघड आहे, मान्य. भंगार तुझ्याच भट्टीत परत जाईल, त्यामुळे लोखंड बुडत नाही. बुडते ती वीज, मशिनिंगची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं. शिवाय बदली माल देईपर्यंत पेमेंट अडकेल. बँकेत सीसीच्या (कॅश क्रेडिट कर्जाच्या) साहेबाला आधीच भेट. महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये हे ड्रम चांगला माल म्हणून दाखवू नकोस, नाहीतर एका लपवाछपवीच्या दोन होतील. कामगारांचा पगार थांबवू नकोस. थांबवायचंच असेल तर नव्या सीएनसी मशीनचं बुकिंग थांबव. चिरंजीव रागावतील. रागावू देत. सही त्यांची नाही, तुझी आहे.

आणि ही ऑर्डर हातची जाऊ शकते, हेही धरून चाल. मी तशी हमी देणार नाही.

मेल लिहिलास की पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखव. दोन्ही हीट कोड, चलन नंबर, किती नग गेले, किती तुझ्याकडे आहेत आणि बदली माल कधी देतोस, एवढं त्यात हवं. दिलगिरी एका ओळीत पुरे. मेलच्या आधी फोन कर, आणि तो तू स्वतः कर, मार्केटिंगच्या पोराला पुढे करू नकोस. उद्या सकाळी चाकणला जाणार असशील तर मीही येतो. आता तिथे मला कोणी ओळखत नाही, पण गाडीत सोबत होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक