साठ रुपयांची भैरवी : रेडिओवाल्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मंगळवार बाजारात साठ रुपयांना उचललेली ती बिनकव्हरची रेकॉर्ड आणि आजोबांचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर घेऊन मी दुकानात आलो, त्याबद्दल हे पत्र. लेबलवर एच.एम.व्ही., चरणजित सिंग, रागांची नावं आणि वर 'डिस्को बीट'. मजेशीर वाटली, स्वस्त होती, घेतली. असल्या खरेदीवर घरी काय ऐकावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही आधी सुई काढून भिंगाखाली धरलीत. एका अंगानं पार चपटी झालेली. "ही लावलीस तर रेकॉर्डची वाट लागंल की," म्हणालात आणि ड्रॉवरच्या तळातून जपून ठेवलेली सुई काढून बसवलीत. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानं तबकडी पुसलीत, खाचांच्या दिशेनं गोल गोल. लेबलवर थेंब पडू दिला नाहीत.

वाजायला लागल्यावर शेजारचे झेरॉक्सवाले डोकावले, "मोटर गेली का काय?" ठोका थांबेचना आणि त्याखाली काहीतरी बुडबुडत, घरंगळत चाललेलं. तुम्ही मात्र काउंटरवरच पेटीची बोटं चालवायला लागलात. "भैरवी हाय की! पण ह्यानं भैरवीनं सुरुवात केली, मग संपवणार कशानं?" भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्यालाच हे सुचणार.

घरी जाऊन शोधलं. चरणजित सिंग मुंबईचे, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. ही रेकॉर्ड १९८२ची. ठोका रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्राचा, आणि ते घरंगळणं टीबी-३०३चं. गिटारवाल्यांना एकट्यानं रियाज करताना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं ते यंत्र. खपलं नाही म्हणून १९८४मध्ये बंद झालं. पुढं शिकागोच्या पोरांनी तेच जुन्या बाजारातून उचललं आणि १९८७मध्ये त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत जगापुढं आलं. आपल्या माणसानं तसाच आवाज पाच वर्षं आधी भैरवी-भूपात काढून ठेवला होता, पण तेव्हा रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली. उतारवयात त्यांनी युरोपात जाऊन ती वाजवलीही. २०१५ला ते गेले.

हे सगळं इंटरनेटवर कुणालाही सापडेल. टीबी-३०३ला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी सोय असते, तेही तिथं लिहिलंय. पण ती सोय कशासाठी वापरलीय, ते तुम्ही नाव-गाव ठाऊक नसताना नुसत्या कानानं सांगितलंत : "मींड घेतोय बघ यंत्राकडनं." मी एकटा असतो तर 'काय भारी वाजतंय' यापलीकडं गेलो नसतो.

सुईचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर चहा पाजलात. आता माझी पाळी. दुसऱ्या बाजूला मालकंस आहे, तो तुमचा ऐकायचा राहिलाय. मंडळाचं भजन नसेल त्या संध्याकाळी घरी या. पेटी आणलीत तर फारच उत्तम. झेरॉक्सवाल्यांनाही आणा, मोटर ठीक आहे म्हणावं.

तुमचा,
फिएस्टावाला
सोलापूर