नवे सिमेंट आणि कोरडे गोणपाट

महोदय,

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या सज्जाचा काँक्रीटचा थर निखळून पडला आणि आतील गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. लोखंड गंजताना फुगते व तो फुगवटाच काँक्रीट आतून फोडतो, हे तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. चुनखडी व भाजलेली चिकणमाती मिसळलेल्या सिमेंटवर आपल्या आयआयटींनी स्विस संशोधकांसह काम केले असून 2023 मध्ये त्यासाठी आयएस 18189 हे मानकही आले. त्यात क्लिंकर (भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक) जवळपास निम्मेच लागते आणि सळया गंजवणाऱ्या क्लोराइडचा (मिठातील घटकाचा) शिरकाव बराच घटतो. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची सळयांना गंजण्यापासून वाचवणारी क्षारता घटण्याची क्रिया त्यात तुलनेने लवकर होते, त्यामुळे दाट काँक्रीट आणि ओतल्यानंतर त्यावर भरपूर पाणी मारणे यांना पर्याय नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस ओलावा हवा. इंदूरच्या भर उन्हाळ्यात शेजारच्या स्लॅबवरील गोणपाट मात्र तिसऱ्याच दिवशी कोरडे होते. (मुकादमाला विचारले, तर टँकर महाग आहे म्हणाला!) बांधकाम परवानगीच्या अटींमध्ये पाणी मारल्याची दैनंदिन नोंद सक्तीची करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर