शहर १६१० च्या आधीही होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एकोणीस वर्षं छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनवर रिक्षा लावतो. उतरणारा पाहुणा वेरूळ विचारतो, अजिंठा विचारतो, फार तर मकबरा आणि पाणचक्की. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली बुद्धलेणी क्वचितच कुणी विचारतं.

गेल्या रविवारी लातूरकडचं एक कुटुंब बसलं. त्यांच्याकडे कुण्या टूरवाल्याचं माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलेलं, शहराचा इतिहास १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली तिथून सुरू होतो. मग १६५३ ला औरंगजेबाचं औरंगाबाद वगैरे. मलिक अंबरबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्या नहरीचं पाणी या गावानं पिढ्यान्‌पिढ्या प्यालंय. पण डोंगरातलं बरंचसं कोरीवकाम सहाव्या-सातव्या शतकातलं, आणि चौथ्या लेण्यातलं स्तूपाचं चैत्यगृह तर त्याहूनही जुनं. वर भिक्खू राहत होते, तर त्यांना भिक्षा वाढणारं खाली कुणी असणारच की!

मी रिक्षा सरळ लेणीकडे वळवली. पायऱ्या चढताना आजी दोनदा टेकल्या. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात अंधार होता, मोबाइलची बॅटरी लावली. पाय खाली सोडून बसलेले बुद्ध, आणि समोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून हात जोडलेले बाया-पुरुष, जवळजवळ आपल्याच मापाचे. बायांच्या केसांची बांधणी, गळ्यातल्या माळा, सगळं बारकाईनं कोरलेलं. आजी त्यांच्या ओळीतच बसल्या. नात म्हणाली, "आजी, यांच्यात नऊवारीवाली तू एकटीच."

बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद कॉलेजही याच अंगाला, नागसेनवनात. मी तिथं बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत होतो. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरं देणारा भिक्खू, हे तिथंच कळलं. लेणी मात्र तास बुडवून पाहिली.

पत्रकं छापणाऱ्यांनी पहिली ओळ बदलावी. सहा ते नऊ क्रमांकाची लेणी पहिल्या पाचांपासून साधारण किलोमीटरभर लांब आहेत, हेही छापावं. लोक पाचव्यावरून परततात आणि सातव्यातलं नृत्याचं शिल्प राहून जातं. चूक आम्हा रिक्षावाल्यांचीही आहे. परतीचं भाडं मिळत नाही म्हणून आम्ही लेणीला नाही म्हणतो. मी आता मागच्या काचेवर लिहून घेतलंय: 'बुद्धलेणी, थांबून परत'.

आपला,
एक रिक्षाचालक, छत्रपती संभाजीनगर